तळी भरपूर, काठ मोजका: मिशिगनमधल्या वेस्ट ब्लूमफील्डचं प्रकरण

मिशिगन राज्यातल्या ओकलंड काउंटीत, डेट्रॉइटच्या मध्यवस्तीपासून पंचवीसेक मैलांवर वेस्ट ब्लूमफील्ड नावाचं टाउनशिप आहे. टाउनशिप हा इथल्या स्थानिक कारभाराचा एक स्तर. सुपरवायझर, क्लार्क, खजिनदार आणि चार ट्रस्टी अशी निवडून आलेली सात माणसं तो कारभार बघतात. २०२० च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ६५,८८८ भरली. क्षेत्रफळ ३१ चौरस मैलांच्या आसपास, आणि त्यातले चारेक चौरस मैल नुसतं पाणी. निम्म्याहून अधिक कुटुंबांचं वार्षिक उत्पन्न लाख डॉलरच्या वर आहे. ‘ओकलंड काउंटीचं तळ्यांचं टाउनशिप’ अशी ते आपली ओळख सांगतं आणि ती खरीही आहे. कॅस, पाइन, वॉलनट, युनियन, अप्पर स्ट्रेट्स, ग्रीन, हॅमंड अशी लहानमोठी तळी इथे पावलोपावली लागतात.

पण तळ्याकाठी ज्याचं घर नाही, अशा इथल्या माणसाला उन्हाळ्यातल्या रविवारी पोरांना घेऊन पाण्यात उतरायचं असेल, तर तो गाडी काढून शेजारच्या वॉटरफोर्ड टाउनशिपमध्ये, कॅस लेकच्या पलीकडच्या अंगाला असलेल्या राज्य सरकारच्या उद्यानात जातो. घरापासून दहा मिनिटांवर चार तळी असतात, त्यांना ओलांडून. पैसा आहे, पाणी आहे, शिस्तशीर कारभार आहे, आणि तरी हे असं आहे. असं का झालं, हे समजून घ्यायला हे प्रकरण फार चांगलं आहे. कारण इथे कुणी तळं बुजवलं नाही, कुणी ताबा मारला नाही. सगळं कायद्याने, कागदोपत्री, एकेक प्लॉट करत झालं.

तळी आली कुठून

गेल्या हिमयुगाच्या अखेरीस, पंधराएक हजार वर्षांपूर्वी, कॅनडाकडून खाली सरकलेल्या बर्फाच्या दोन प्रचंड जिभा या भागात एकमेकींना भिडल्या होत्या. बर्फ मागे हटताना वाळू, गोटे, माती यांचे ढीग टाकत गेला आणि त्या ढिगांत बर्फाचे मोठमोठे तुकडे गाडले गेले. सावकाश ते वितळले, वरची माती खचली, खड्डे पडले, खड्ड्यांत भूजल शिरलं. अशा तळ्यांचे काठ बऱ्याचदा उताराचे आणि तळ खोल असतो. कॅस लेक १,२८० एकरांचं, म्हणजे बरोबर दोन चौरस मैलांचं आहे. ओकलंड काउंटीतलं हे सगळ्यात मोठं तळं असून त्याची खोली १२३ फुटांपर्यंत जाते. वॉलनट लेक त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढंही नाही, तरी शंभर फूट खोल.

या भूगोलाची एक गोष्ट पुढच्या सगळ्या कथेला कारणीभूत आहे. इथे उंच डोंगर नाहीत, पण जमीन आजूबाजूपेक्षा किंचित उंच आहे. क्लिंटन, ह्युरॉन, रूज, शायवॉसी आणि फ्लिंट या पाच नद्या ओकलंड काउंटीत उगम पावतात. त्यामुळे तळ्यात येणारं पाणी दूरवरच्या कुठल्या डोंगरातून वाहत येत नाही. ते आजूबाजूच्या घरांच्या छपरांवरून, लॉनवरून, गाड्या उभ्या करायच्या जागांवरून येतं. कॅस लेकसारखी क्लिंटन नदीच्या साखळीतली तळी सोडली, तर बाकीच्या तळ्यांचं पाणलोट क्षेत्र म्हणजे शेजारच्या वस्त्याच.

सहा मैलांचा चौकोन

१८०७ च्या डेट्रॉइट करारात ओडावा, ओजिब्वे, पोटावाटोमी आणि वायंडॉट या मूळनिवासी लोकांकडून आग्नेय मिशिगनची जमीन अमेरिकी सरकारने आपल्याकडे घेतली. मग सर्वेयर साखळ्या घेऊन आले आणि त्यांनी सहा मैल गुणिले सहा मैल असे चौकोन आखले. १८२० मध्ये ब्लूमफील्ड टाउनशिप झालं आणि १८३३ मध्ये त्याचा पश्चिमेकडचा चौकोन वेगळा होऊन वेस्ट ब्लूमफील्ड झाला. साखळी ओढणाऱ्यांनी वाटेत तळं आहे की टेकडी, हे पाहिलं नाही. रेघ पाण्यावरून गेली तर पाण्यावरून गेली.

छत्तीस चौरस मैलांचा हा चौकोन पुढे अखंड राहिला नाही. तळ्याकाठची वस्ती जिथे जिथे दाट किंवा श्रीमंत झाली, तिथे तिथे ती फुटून निघाली. सिल्व्हन लेक १९४६ मध्ये शहर झालं, कीगो हार्बर १९५५ मध्ये, ऑर्चर्ड लेक व्हिलेज १९६४ मध्ये. ७८८ एकरांचं ऑर्चर्ड लेक हे या चौकोनातलं सगळ्यात देखणं तळं, पण आज ते टाउनशिपच्या हद्दीत नाही. त्याच्याभोवती जेमतेम सव्वादोन हजार वस्तीचं स्वतंत्र शहर आहे. त्याला लागूनच कीगो हार्बर, जमीन अर्धा चौरस मैल, वस्ती तीन हजारांच्या आत. १९०२ मध्ये एका वकिलाने तिथे डॉलर लेक या छोट्या तळ्यापासून कॅस लेकपर्यंत कालवा खणून, कामगार आणि कारकून वर्गाला परवडतील असे चिमुकले प्लॉट पाडले होते. ऑर्चर्ड लेकमधले प्रशस्त बंगले आणि कीगो हार्बरमधली खेटून उभी असलेली घरं यांच्यात गाडीने पाच मिनिटांचंही अंतर नाही.

कॅस लेक या एकाच तळ्यावर अशी चार स्थानिक सरकारं टेकली आहेत. शाळांचंही तेच. टाउनशिपमधली मुलं राहत्या गल्लीप्रमाणे वेस्ट ब्लूमफील्ड, वॉल्ड लेक, फार्मिंग्टन, ब्लूमफील्ड हिल्स, बर्मिंगहॅम, वॉटरफोर्ड किंवा पाँटियॅक यांपैकी कुठल्याही शाळा-जिल्ह्यात जातात. रस्ते काउंटीच्या रस्ते आयोगाचे. हायवेसुद्धा टाउनशिपमधून जात नाही. आंतरराज्य महामार्ग २७५ या भागातून उत्तरेला न्यायची योजना होती, विरोध वाढल्यावर ती १९७७ मध्ये रद्द झाली. त्यामुळे शांतता टिकली आणि ऑर्चर्ड लेक रोडवरची रोजची कोंडीही.

कॉटेजचं घर झालं

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डेट्रॉइटहून फार्मिंग्टनमार्गे ऑर्चर्ड लेक आणि पुढे पाँटियॅकपर्यंत विजेची आगगाडी धावू लागली. शहरातली माणसं उन्हाळ्यात इथे हवापालटाला येऊ लागली. ऑर्चर्ड लेकच्या काठावर १८७७ मध्ये मिशिगन मिलिटरी ॲकॅडमी निघाली. ती १९०८ मध्ये बंद पडल्यावर डेट्रॉइटमधली पोलिश सेमिनरी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणारी शाळा, त्या आवारात आली. पुढे पोप जॉन पॉल दुसरे झालेले कारोल वोयतिवा कार्डिनल असताना दोनदा तिथे येऊन गेले.

निर्णायक काळ आला तो मोटारींबरोबर. पाँटियॅकमध्ये गाड्यांचे कारखाने वाढले, रस्ते पक्के झाले आणि उन्हाळी कॉटेजमध्ये लोक बारमाही राहू लागले. लाकडी भिंतींत ऊब राखायचं सामान भरलं गेलं, मागच्या अंगणात सेप्टिक टँक खणले गेले. तळ्यापासून काही फुटांवर सेप्टिक टँक, जमीन रेताड आणि भूजल वरच. त्याचा परिणाम काय होणार हे वेगळं सांगायला नको. मलवाहिन्या येईपर्यंत हे असंच चाललं. नंतर डेट्रॉइटमधून बाहेर पडणाऱ्या मध्यमवर्गाची मोठी लाट आली. ज्यू कुटुंबं, त्यांची सिनेगॉग आणि संस्था आल्या. इराकमधले ख्रिस्ती, म्हणजे खाल्डियन लोक, आले. जपानी मोटार कंपन्यांचे अधिकारी आले. भारतीय आले, आणि त्यांत डेट्रॉइट परिसरातल्या मोटार उद्योगात काम करणारी मराठी माणसंही. महाराष्ट्र मंडळ डेट्रॉइटच्या कार्यक्रमांना जमणारी घरं ट्रॉय, नोव्हाय, कँटन, फार्मिंग्टन हिल्स अशी पसरली आहेत, त्यांतली काही इथेही आहेत.

२००० मध्ये लोकसंख्या ६४,८६० होती, २०१० मध्ये ६४,६९०. म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरीसच गाव भरलं होतं. नवी जमीन उरली नाही. तेव्हापासून इथली प्रत्येक चर्चा ‘काय बांधायचं’ यापेक्षा ‘आहे ते कुणाचं’ यावर येऊन थांबते.

जाहिरातीतले शब्द

इथल्या घरविक्रीच्या जाहिराती बारकाईने वाचल्या तर सगळी व्यवस्था त्यांत दिसते. ‘लेकफ्रंट’ म्हणजे प्लॉट थेट पाण्याला भिडलेला. ‘कॅनॉल फ्रंट’ म्हणजे खणलेल्या कालव्यावर. ‘ऑल स्पोर्ट्स लेक’ म्हणजे मोटरबोट चालवायला मुभा. आणि ‘लेक प्रिव्हिलेजेस’ म्हणजे घर पाण्यापासून आत, दुसऱ्या-तिसऱ्या गल्लीत, पण तळ्यावर जाण्याचा काहीतरी हक्क खरेदीखतात लिहिलेला. या चार शब्दांनी सारख्याच आकाराच्या घरांच्या किमती कुठच्या कुठे जातात.

यामागे मिशिगनचा काठहक्काचा कायदा आहे. ग्रेट लेक्सच्या तळाची जमीन राज्याने लोकांच्या वतीने सांभाळायची असते, आणि त्या किनाऱ्यावरून चालत जाण्याचा जनतेचा हक्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ग्लास विरुद्ध गेकल या खटल्यात मान्य केला. आतल्या तळ्यांचं तसं नाही. काठावरच्या प्लॉटच्या मालकाकडे पाण्याखालची जमीनही, साधारण तळ्याच्या मध्यापर्यंत, असते. वरचं पाणी मात्र सगळ्या काठमालकांना मिळून वापरता येतं. बोट आपल्या तळाच्या हिश्श्यापुरतीच चालवायची, असं बंधन नाही. सरकारी धक्क्यावरून किंवा सार्वजनिक जागेतून पाण्यात उतरायची सोय असेल, तर बाहेरच्यालाही सगळ्या तळ्यावर बोट फिरवता येते, मासेमारी करता येते. ती सोय नसेल, तर तळं व्यवहारात काठमालकांचं. ऑर्चर्ड लेकवर राज्याचा बोट उतरवण्याचा धक्का आहे, म्हणून तिथे कुणीही बोट घेऊन जाऊ शकतो. पाइन आणि वॉलनट लेकवर तशी सार्वजनिक वाट नाही.

मग मधला मार्ग निघाला, आणि खरी भांडणं तिथेच आहेत. ले-आउट पाडताना बिल्डर दोन मोठ्या बंगल्यांच्या मध्ये पाण्यापर्यंत जाणारी एक चिंचोळी पट्टी मोकळी सोडायचा आणि मागच्या सगळ्या प्लॉटना तिच्यावर वहिवाटीचा हक्क द्यायचा. अशी पट्टी बघितली की गोष्ट लगेच कळते. दोन्ही बाजूंना उंच कुंपण किंवा हिरवी झाडवळ, मधे गवताचा उतार, एखादं लाकडी बाक, खाली एक सामायिक डॉक आणि त्याला लगटून बांधलेल्या बोटी. फाटकावर ‘फक्त सभासदांसाठी’ अशी पाटी. त्या पट्टीवरून जायचं, पोहायचं एवढाच हक्क आहे, की डॉक टाकून रात्रभर बोट बांधायचाही आहे, याचा निकाल शंभर वर्षांपूर्वीच्या नकाशावरच्या एका ओळीवर लागतो. ती ओळ बहुधा संदिग्ध असते.

एका पट्टीवरून किती घरांनी तळ्यात यायचं? १९६७ च्या थॉम्पसन विरुद्ध एन्झ खटल्यात हाच प्रश्न होता. एका बिल्डरने मिशिगनमधल्याच गन लेक या दुसऱ्या तळ्याच्या काठापासून आत कालवा खणून मागच्या प्लॉटना काठमालक ठरवायचा बेत केला होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कालवा खणून काठहक्क तयार होत नाही, आणि वापर वाजवी हवा. त्यानंतर मिशिगनमधल्या तळ्यांच्या अनेक गावांनी काठाच्या इतक्या फुटांमागे इतकीच घरं किंवा इतक्याच बोटी असे नियम केले. रस्ते पाण्यापाशी संपतात, तिथेही असाच गोंधळ होता. सार्वजनिक रस्त्याच्या टोकाला लोक आपापले डॉक टाकून बोटी बांधून ठेवत. २०१२ च्या कायद्याने त्याला राज्यभर मनाई झाली.

माझ्या मते हे नियम आवश्यक आहेत. तळ्याची सोसायची मर्यादा असते, आणि दोनशे बोटी एका पट्टीतून सुटल्या तर कुणाचंच भलं होत नाही. पण त्यांचा एक परिणाम उघडपणे मान्य करायला हवा. जो आधी आला त्याची बाजू पक्की झाली, आणि नंतर आलेल्याला, त्याच्याकडे कितीही पैसा असला तरी, काठाचा प्लॉट विकायला निघेपर्यंत वाट बघावी लागते.

पातळी न्यायालय ठरवतं

काठ असा वाटून घेता येतो, पाणी येत नाही. एका घरी डॉकच्या फळ्या बुडाल्या की समोरच्या काठावर चिखल उघडा पडत नाही. वाढलं तर सगळ्यांचं वाढतं.

म्हणून मिशिगनमध्ये तळ्याची ‘कायदेशीर पातळी’ ठरवून घेता येते. काउंटीने अर्ज करायचा, सर्किट कोर्टाने सुनावणी घ्यायची आणि समुद्रसपाटीपासून इतके फूट असा आकडा आदेशात लिहायचा. बऱ्याच तळ्यांना उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची अशा दोन पातळ्या असतात. तो आकडा राखायची जबाबदारी ओकलंडमध्ये काउंटीच्या निवडून आलेल्या जलसंपदा आयुक्तांच्या कार्यालयाकडे आहे. यंत्रणा साधीच असते: तळ्याच्या मुखाशी काँक्रीटचा छोटा बंधारा, खाचांत बसवलेल्या फळ्या किंवा झडप, आणि पातळी मोजायची पट्टी. हिवाळी पातळी खाली असेल तर शरद ऋतूत फळ्या काढून पाणी उतरवतात, म्हणजे गोठलेला बर्फ फुगून काठाच्या भिंती ढकलत नाही. वसंतात पुन्हा फळ्या चढतात.

खर्च येतो तो लाभधारकांच्या विशेष आकारणीतून. तळ्याभोवतीच्या घरांचा एक जिल्हा धरला जातो आणि प्रत्येकाच्या मालमत्ता-बिलात त्याचा हिस्सा येतो. काठाच्या घराला बहुधा पूर्ण हिस्सा, मागच्या हक्कदार घराला कमी. यावरही सुनावण्या होतात, लोक तावातावाने बोलतात, पण शेवटी बंधारा दुरुस्त होतो. श्रीमंत गावाचा मला सगळ्यात अनुकरणीय वाटलेला भाग हाच. तळ्याच्या देखभालीचा पैसा दरवर्षी कुणाच्या दयेवर ठेवलेला नाही, तो कायद्याने त्या तळ्याला बांधला आहे.

नितळ पाण्याखाली

पाण्याच्या गुणवत्तेची लढाई इतकी सुटसुटीत नाही. कपडे धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फरसवर मिशिगनने १९७७ मध्ये मर्यादा आणली, आणि २०१२ पासून लॉनला फॉस्फरसचं खत घालण्यावर राज्यभर निर्बंध आले. शेवाळाला लागणारा हा खुराक कमी झाला. पण तोवर झेब्रा शिंपले आले होते. १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये पहिल्यांदा सापडलेले हे नखाएवढे शिंपले बोटींच्या पोटाला चिकटून आतल्या तळ्यांत पोहोचले. बर्फ पडायच्या आधी इथले लोक डॉक पाण्यातून काढून काठावर ठेवतात. तेव्हा त्याच्या पायांवर या शिंपल्यांचा खरखरीत, धारदार थर दिसतो. अनवाणी पाय पडला तर कापतो.

शिंपले पाणी गाळतात, सूक्ष्म शेवाळ खातात आणि तळं काचेसारखं होतं. घर विकणाऱ्याला ते आवडतं. पण ऊन आता जास्त खोल पोहोचतं आणि पूर्वी जिथे अंधार होता तिथे तण उगवतं: युरेशियन मिलफॉइल आणि स्टारी स्टोनवर्ट. मिलफॉइलचा तुकडा बोटीच्या पंख्याने तुटला तरी त्यापासून नवं रोप होतं. स्टोनवर्ट हे मुळात मोठं शेवाळ आहे आणि तळावर गादीसारखं पसरतं. मग राज्याचा परवाना घेऊन तणनाशक मारायचं किंवा यंत्राने कापणी करायची, आणि त्यासाठी पुन्हा विशेष आकारणी. हे खर्च थांबणारे नाहीत. तणनाशकाने उन्हाळा निभावतो, पण वरच्या वस्त्यांतून येणारं पावसाचं पाणी तसंच येत राहतं.

या टप्प्यावर मला इथली आकारणीची पद्धत अपुरी वाटते. बिल बहुतेक काठाच्या आणि हक्काच्या घरांवर पडतं. पाणलोटात राहणारा, पण तळ्यावर हक्क नसलेला शेजारी त्या हिशेबात नसतो. त्याच्या लॉनचं पाणी तळ्यात जातं, तो स्वतः जाऊ शकत नाही. त्याने गटाराशेजारी पालापाचोळा लोटू नये, खत जपून घालावं, काठाला देशी गवत राखावं असं पत्रक त्याला पाठवलं जातं. ज्या तळ्यात आपलं पोर कधी उतरलं नाही, त्याच्यासाठी माणूस किती काळ झटेल? प्रवेश आणि पाण्याची निगा ही दोन वेगळी खाती समजून चालवली जातात. माझ्या मते ती एकच आहेत.

जे वेळेवर झालं

प्रवेशाचा प्रश्न सुटू शकतो, याचे पुरावे याच चौकोनात आणि त्याच्या कडेला आहेत. १९२२ मध्ये डॉज ब्रदर्स या मोटार कंपनीने राज्याला उद्यानांसाठी अकरा जागा दिल्या. त्यातली चौथी म्हणजे वॉटरफोर्डमधलं डॉज नंबर ४ उद्यान, कॅस लेकवर जवळपास एक मैल किनारा. आज तेवढा किनारा विकत घ्यायचं कुणी स्वप्नातही आणणार नाही. ऑर्चर्ड लेकमधलं ३५ एकरांचं ॲपल आयलंड खासगी मालकीचं होतं. १९७० मध्ये ते वेस्ट ब्लूमफील्डच्या शाळा-जिल्ह्याकडे आलं आणि बंगले व्हायच्या ऐवजी जंगल राहिलं. ओडावा नेता पाँटियॅक तिथे पुरला आहे, अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात तो १७६९ मध्ये इलिनॉयमधल्या काहोकियाजवळ मारला गेला. स्थानिक इतिहास मंडळ लोकांना बोटीने बेटावर नेऊन फिरवून आणतं. टाउनशिपच्या स्वतंत्र, निवडून आलेल्या उद्यान आयोगाने कॅस लेकच्या काठावर मार्शबँक पार्क सांभाळलं आहे. जुन्या रेल्वेमार्गावर सहा मैलांहून लांब पायवाट केली आहे आणि तिच्या कडेला १६२ एकरांचं वेस्ट ब्लूमफील्ड वूड्स राखलं आहे.

यात एक सूत्र आहे. जमीन एकगठ्ठा एका हातात असताना जे मिळालं, तेच मिळालं. एकदा प्लॉट पडले, की पन्नास फूट किनाराही परत मिळत नाही. मिशिगनचा मालमत्ता-करही विक्रीला उत्तेजन देत नाही. १९९४ च्या ‘प्रपोजल ए’ या मतदारांनी मंजूर केलेल्या करबदलानंतर कर लावायचं मूल्य वर्षाला महागाई किंवा ५ टक्के, यांतलं जे कमी तेवढंच वाढतं, आणि मालकी बदलली की उडी मारून चालू बाजारभावाच्या हिशेबाने नव्याने ठरतं. जुना मालक म्हणूनच बसून राहतो.

तरी संधी येतील. तळ्याकाठी अजून संस्थांच्या मोठ्या जागा आहेत, आणि संस्था बंद पडतात, स्थलांतर करतात, पैशासाठी जमीन विकतात. मिशिगनमध्ये १९७६ पासून तेल आणि वायूच्या स्वामित्वधनातून उभा राहिलेला नैसर्गिक संपत्ती न्यास निधी आहे. स्थानिक संस्थेने किमान चौथा हिस्सा घातला तर जमीन खरेदीला तो अनुदान देतो. टाउनशिपने आणि उद्यान आयोगाने तो चौथा हिस्सा आत्ताच बाजूला काढायला सुरुवात करावी. काठाच्या कुठल्या जागांवर लक्ष ठेवायचं त्याची यादी करावी, आणि विक्रीचा फलक लागायच्या आत मालकाशी बोलणी सुरू करावीत. फलक लागल्यावर बिल्डर तिथे आधी पोहोचलेला असतो.